विंगेटसाहेबाचें दप्तर

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं माळ्यावर किंवा भिंतींतल्या फडताळांत कागदांचें एक गाठोडें असतें. खरेदीखत, वांटणीपत्र, जुन्या सारापावत्या, कोर्टाचा एखादा हुकूमनामा आणि सात-बाराचे उतारे असे नाना प्रकारचे कागद त्यांत बांधलेले असतात. खंडेनवमीस अवजारांबरोबर कांहीं घरांत त्या गाठोड्यासही हळदकुंकू लागतें. पण तें सोडून वाचणारे थोडे. आज ज्या एका इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत आम्ही सांगणार आहों, त्याचा व या गाठोड्याचा संबंध फार निकटचा आहे.

गेल्या उन्हाळ्यांत पंचगंगेकांठच्या एका गांवीं आम्ही बांधाच्या तंट्यांत मध्यस्थ म्हणून गेलों होतों. दोघे चुलत भाऊ, दोघांचे लगतचे सर्व्हे नंबर, दोन्हींकडे ऊंस, आणि मधला बांध कोणी सरकविला यावरून तीन वर्षें एकमेकांच्या उंबऱ्यावर पाऊल नाहीं. थोरले म्हणत, “आमच्या आज्यानं घातलेला बांध आहे, त्याला कोणी हात लावायचा नाहीं.” धाकटे म्हणत, “आबा, आज्याचा बांध तुमच्या ट्रॅक्टरानं केव्हांच खाल्ला.” शेवटीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींतून दोन्ही नंबरांच्या जुन्या टिपणांच्या नकला काढल्या. मोजणीदारानें टिपणांतील साखळ्या व आणे फुटांत मांडून खुणा धरल्या. निघालें तें असें कीं, बांध वरच्या अंगास धाकट्यांच्या नंबरांत आणि खालच्या अंगास थोरल्यांच्या नंबरांत सरकला होता. दोघेही सारखेच खरे व सारखेच खोटे ठरले, आणि त्यामुळेंच तंटा मिटला. परत येतांना बरोबरच्या एका तरुण मित्रानें विचारलें, “शंभरांहून अधिक वर्षांमागें ही साखळी कोणीं व कशासाठीं फिरविली?” त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं हा लेख आहे.

इंदापूर ओस पडलें होतें

साखळी फिरविणारे हात आपल्याच मुलखांतील मोजणीदारांचे होते. पण ती पद्धत बसविणाऱ्यांत मुख्य दोघे, हेन्री गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट. गोल्डस्मिड हे मुलकी खात्यांतील असिस्टंट कलेक्टर. विंगेट यांचा जन्म १८१२ सालचा. ते मुंबईच्या इंजिनिअर पलटणींतील लेफ्टनंट म्हणून या देशांत आले आणि पुढें कॅप्टन व मेजर झाले. तलवारीपेक्षां मोजणीच्या साखळीवरच त्यांची सारी नोकरी गेली.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसुलीचे मक्ते दिले होते. मक्तेदार एका सालांत मिळेल तेवढें काढून घेई. पुढच्या सालची काळजी त्यास नसे. १८१८ सालीं कंपनीचा अंमल आला तेव्हां मक्ते गेले, पण चढलेले दर बहुतांशीं तसेच राहिले, आणि धान्याचे भाव मात्र उतरले. अशा वेळीं प्रिंगल नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें पुणें व आसपासच्या मुलखाची मोजणी करून नवा आकार बसविला. त्याचा सिद्धांत ग्रंथांत शोभणारा होता. पिकाच्या किमतींतून लागवडीचा सारा खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरेल, त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारचा. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न कोणीं ठरवावयाचें? बैलाचा कडबा, शेणखत, घरच्या माणसांची मेहनत यांचा हिशेब कोणत्या भावानें धरावयाचा? मोजणी चुकली, प्रती चुकल्या, खालच्या नोकरांनीं पैसे खाऊन हलक्या जमिनी भारी व भारी जमिनी हलक्या लिहिल्या, आणि १८३० च्या सुमारास हा आकार लागू होतांच लोक शेतें टाकून निघून गेले. कांहीं तर निजामाच्या मुलखांत गेले. इंदापूर तालुका आधींच अवर्षणाचा; तेथें तर गांवेंच्या गांवें ओस पडलीं.

१८३५ सालीं गोल्डस्मिड यांस तें काम मिळालें. त्यांनीं विंगेट व नॅश या दोन लेफ्टनंटांस बरोबर घेतलें, आणि १८३६ सालीं इंदापुरास तीस वर्षांच्या मुदतीचा नवा आकार बसला. दर पुष्कळ उतरले. टाकलेलीं शेतें हळूहळू नांगराखालीं आलीं, परागंदा झालेलीं कुटुंबें परतलीं. यांत कंपनीची दया पाहूं नये. पडीक जमिनीपेक्षां हलक्या साऱ्याची वाहीत जमीन सरकारासही अधिक देते, हा साधा व्यवहार या दोघां तरुणांस कळला होता. तो प्रिंगलसारख्या विद्वानास कळला नव्हता, एवढेंच.

साखळी, कुदळ आणि प्रत

इंदापुरच्या अनुभवावरून पुढें जे नियम सिद्ध झाले ते गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तिघांच्या सहीनें १८४७ सालच्या संयुक्त रिपोर्टांत आले. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाचा तो पाया समजला जातो. हे नियम शेतकऱ्यानें एकदां तरी समजून घेण्यासारखे आहेत. कारण आपल्या उताऱ्यावरील आकाराचा आंकडा कोठून आला हें त्यांवांचून कळत नाहीं.

पहिली गोष्ट मापाची. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पूर्वींचा बिघा गांवोगांव निराळा असे. हें माप सगळीकडे एक झालें. दुसरी गोष्ट नंबराची. एक बैलजोडी जेवढी जमीन वाहूं शकेल तेवढा साधारण एक नंबर धरावा, असा नियम होता: हलक्या कोरडवाहू जमिनींत २० एकर, मध्यम जमिनींत १५, भारी जमिनींत १२ आणि भाताच्या जमिनींत ४. म्हणजे सर्व्हे नंबर हें माप कागदावर जन्मलें नाहीं, तें बैलाच्या खांद्यावरून निघालें. आज ज्यांच्या वांट्यास नंबराचा विसावा हिस्सा आला आहे त्यांनीं हा फरक मनांत आणावा.

तिसरी गोष्ट प्रतबंदीची. प्रत लावणारा अंमलदार नंबराचे भाग पाडी, प्रत्येक भागांत खणून मातीची खोली हातानें मोजी आणि रंग व पोत पाही. काळी, एकसारखी, पावणेदोन हात खोल माती ती सोळा आणे. खोली कमी होत जाईल तशी चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटीं दोन आणे अशा नऊ प्रती. तांबूस व जाड पोताच्या जमिनीस एक पायरी खालीं, मुरमाड व भुसभुशीत जमिनीस त्याहून खालीं धरीत. माती खोल असूनही तींत चुनखडी असेल, वाळू असेल, उतार असेल, पाणी धरत नसेल किंवा उलट पाणी तुंबून राहत असेल, तर त्या त्या दोषाची खूण भागाच्या चौकटींत करून प्रत उतरवीत. भाताची जमीन, पाटस्थळ व मोटस्थळ यांची तपासणी निराळी असे.

चौथी गोष्ट आकाराची, आणि येथेंच प्रिंगलची वाट सोडली होती. निव्वळ उत्पन्न किती हा प्रश्नच त्यांनीं बाजूस ठेवला. गांवांचे गट पाडले. मागील सालांची खरी वसुली, धान्याचे भाव, पाऊसमान आणि बाजारपेठेचें अंतर पाहून गटाचा वरचा दर ठरविला. मग तो दर सोळा आण्यांच्या जमिनीस पुरा व खालच्या प्रतींस आण्यांच्या हिशेबानें वांटून दिला. तीस वर्षें तो दर वाढावयाचा नाहीं. त्या मुदतींत शेतकऱ्यानें विहीर काढली, ताल घातली, खडक फोडून माती भरली, तरी त्या सुधारणेवर जास्त सारा नाहीं. सारा भरीत असेल तोंपर्यंत जमीन त्याच्याकडेच राहावयाची. नको असेल तर राजीनामा द्यावा. विकावयाची असेल तर विकावी, गहाण ठेवावयाची असेल तर ठेवावी.

मिरासदारांस असा हक्क पूर्वींही होता. पण उपऱ्यांस नव्हता. तो त्यांस प्रथमच मिळाला आणि जमिनीस बाजारांत किंमत आली. जमीन विकतां येते ही गोष्ट त्या वेळीं मोठी सवलत वाटली. तिचाच पुढें फांस कसा झाला हें आतां सांगावयाचें आहे, आणि तें प्रथम ओळखणारा गृहस्थ स्वतः विंगेटच होता.

१८५२ सालचा इशारा

इंदापुरानंतर विंगेट यांजकडे दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे धारवाड-बेळगांवकडील मुलखाच्या मोजणीचें काम आलें. पुढें ते साऱ्या मुंबई इलाख्याचे रेव्हेन्यू सर्व्हे कमिशनर झाले. गांवोगांव तंबू ठोकून राहणारा हा मनुष्य. कागदावरील आकाराखेरीज शेतकऱ्याच्या घरांत काय चाललें आहे हेंही त्यास दिसत होतें. १८५२ च्या सप्टेंबरांत त्यांनीं सरकारास सावकार व कुणबी यांच्या संबंधाविषयीं एक रिपोर्ट लिहून पाठविला. आमच्या मतें त्यांच्या दप्तरांतील हा सर्वांत मोलाचा कागद आहे.

त्याचा मतलब थोडक्यांत असा. पूर्वींच्या अमदानींत सावकाराजवळ वसुलीचें साधन फारसें नव्हतें. तगादा लावावा, दारांत धरणें धरावें, पाटलाकडे गाऱ्हाणें न्यावें, याहून अधिक तो काय करणार? म्हणून कूळ जगलें, पिकलें, राजी राहिलें तरच त्याचें कर्ज वसूल होई. कुणब्याचें बरें होण्यांत सावकाराचेंही बरें होतें. इंग्रजी दिवाणी कोर्टें आलीं आणि ही गरज संपली. रोख्यावर अंगठा असला म्हणजे हुकूमनामा मिळतो, हुकूमनाम्यावर घर, बैल, जमीन यांची जप्ती होते, कुळास तुरुंगांतही घालतां येतें. आतां सावकारास कूळ राजी असो वा नसो, जगो वा न जगो, सारखेंच. दोघांतला विश्वास गेला. एक लबाडी करून वसूल करूं पाहतो, दुसरा लबाडी करून चुकवूं पाहतो.

हें लिहिणारा कोणी बंडखोर नव्हता. ज्यानें स्वतः जमिनीस किंमत आणिली, तोच सरकारास सांगत होता कीं, सरकारचाच कायदा ती किंमत कुणब्याच्या हातांतून काढून दुसऱ्यास देत आहे. आपल्याच कामाची दुसरी बाजू इतक्या उघडपणें लिहिणारे अधिकारी कोणत्याही राज्यांत थोडेच निघतात.

तथापि विंगेट यांस शेतकऱ्यांचें मन सर्वस्वीं कळलें होतें असेंही नाहीं. त्याच सालीं खानदेशांत मोजणी सुरू झाली तेव्हां सावदें, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूंस शेतकरी हजारोंनीं जमले आणि मोजणी बंद करा म्हणून अडून बसले. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी त्यांची समजूत. आणि ती दूर करण्यास कोणी आधीं गांवांत बसून बोललें नव्हतें. अखेर सरकारानें फौज बोलावून पुढाऱ्यांस पकडलें व मोजणी पुरी केली. चांगल्या हेतूनें केलेलें काम देखील ज्यांच्यासाठीं करावयाचें त्यांस न विचारतां केलें तर काय होतें, याचा हा दाखला आहे.

इशाऱ्याचें काय झालें

सरकारानें विंगेट यांची साखळी घेतली आणि त्यांचा इशारा फाइलींत ठेवला. पुढील तेवीस वर्षांत गोष्टी एकीवर एक रचत गेल्या. १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु कुळाचें रक्षण करण्याचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहवून घेई आणि थकलेलें व्याज मुदलांत घाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्याकडे कापसाचे भाव आभाळास भिडले. हातांत पैसा खेळला, जमिनीचे भाव चढले, चढलेल्या भावांवर कर्जही चढलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्ज राहिलें. नेमकें १८६६ सालीं इंदापुरची तीस वर्षांची मुदत भरली, आणि फेर आकारणींत तेथील सारा एकदम सुमारें निम्म्यानें वाढला. शेजारच्या तालुक्यांतही तेंच झालें. १८७३ सालीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या वाढीविरुद्ध चौकशी करून आवाज उठविला. १८७४ सालीं सरकारानें वाढीस मर्यादा घातली, परंतु तोंवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. मागून पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं तोच प्रकार झाला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. ते मागत होते रोखे, हुकूमनामे, खतें. मिळाले तेथें ते जाळले. विंगेट यांनीं १८५२ सालीं कागदाविषयीं जें लिहिलें होतें तें १८७५ सालीं निरक्षर माणसांनीं होळी करून दाखविलें. चौकशीस कमिशन बसलें, आणि तेव्हां मात्र विंगेट यांचा तो जुना रिपोर्ट बाहेर काढून कमिशनच्या कागदांत छापण्यांत आला. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांस लागू झाला. रोख्याच्या मागें जाऊन खरा हिशेब पाहण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. विंगेट यांचा मृत्यु त्याच १८७९ सालचा.

विलायतेंतील लिखाण व खाजगी कागद

गोल्डस्मिड १८५५ सालीं कैरो येथें वारले. विंगेट त्यापूर्वींच हिंदुस्थान सोडून गेले होते. पुढें त्यांस सर ही पदवी मिळाली. पण पेन्शन घेऊन ते स्वस्थ बसले नाहींत. १८५७ च्या उठावाचा सारा खर्च हिंदुस्थानच्या माथीं मारला जात असतां, १८५९ सालीं त्यांनीं लंडनांत इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या पैशाच्या संबंधावर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केलें. एका देशांत गोळा केलेला कर त्याच देशांत खर्च झाला तर तो फिरून कष्ट करणाऱ्यांकडे परत येतो. दुसऱ्या देशांत खर्च झाला तर तो कायमचा गेला, तो कर नव्हे, खंडणी होय, असें त्यांचें म्हणणें. पुढें दादाभाई नौरोजी यांनीं हिंदुस्थानांतून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यांत त्यांनीं विंगेट यांची साक्ष काढली. शेतकऱ्याचा सारा ठरविणारा मनुष्यच सांगतो कीं हा सारा समुद्रापार जातो, यापेक्षां बळकट साक्ष कोणती?

विंगेट यांचे खाजगी कागद इंग्लंडांत डरहॅम विद्यापीठाच्या संग्रहांत जतन केले आहेत, आणि महाराष्ट्राच्या जमीनमहसुलाचा इतिहास लिहिणारे विद्वान् त्यांचा उपयोग करितात. सरकारी रिपोर्ट छापील आहेत. तिकडे न जातांही ते वाचावयास मिळतात. परंतु आमच्या मतें विंगेटसाहेबाच्या दप्तराचा सर्वांत मोठा भाग डरहॅमांत नाहीं आणि मुंबईंतही नाहीं. तो आपल्या तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत आहे. नंबराच्या आकृतीचें व मापांचें टिपण, क्षेत्राचा हिशेब दाखविणारें गुणाकार बुक, भागवार प्रती लिहिलेलें प्रतिबुक, क्षेत्र व आकार कायम करणारा आकारबंद आणि गांवाचा नकाशा हे सारे त्या पद्धतीनें जन्मलेले कागद. पुढील काळांतील फेरफार व सात-बारा त्याच पायावर उभे आहेत.

आमच्या करवीर इलाख्यांत

कोल्हापूर संस्थानांत विंगेट यांनीं स्वतः मोजणी केली नाहीं. तथापि ते शेजारच्या मुलखांत साखळी फिरवीत होते त्याच काळांत येथें जमिनीवरूनच मोठी आग पेटली होती. दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारांत गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था त्यांच्या हातून काढून मामलेदारांकडे दिली गेली, आणि १८४४ सालीं सामानगडापासून गडकरी उठले. पन्हाळा, भुदरगड, विशाळगड हे किल्ले त्यांत सामील झाले. बंड मोडलें, किल्ल्यांचे तट पाडण्यांत आले आणि पुढें कित्येक वर्षें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं कारभार राहिला. त्यांपैकीं मेजर ग्रॅहॅम यांनीं रचलेला संस्थानचा माहितीवजा रिपोर्ट १८५४ सालीं छापला गेला. नंतरच्या काळांत मुंबई इलाख्याच्याच धर्तीवर संस्थानांत मोजणी व आकारणी झाली, आणि त्यामुळें आमच्या मित्राच्या प्रश्नाचें उत्तर इंदापुरापर्यंत मागें जातें.

मात्र साखळीबरोबर विंगेट यांचा इशारा ध्यानांत घेण्याचें काम आमच्याकडे एका राजानें केलें असें आम्हांस वाटतें. शाहू छत्रपति महाराजांनीं १८९४ सालीं अधिकार हातीं घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं, १८९५ सालीं, शाहूपुरी वसविली. गुळास हक्काची पेठ मिळाली. ज्याचें पीक एकाच माणसास विकावें लागतें त्याचें कर्जही त्याच माणसाजवळ अडकतें, हें ज्यांनीं ऊंस लावला आहे त्यांस समजावून सांगावयास नको. १९१८ सालीं महाराजांनीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. गांवचा कागद वंशपरंपरेनें एकाच घराच्या पेटींत राहूं नये, ज्याचा कागद त्यास तो दिसावा, हा त्यांतील धडा. पेठ आणि कागद, या दोन ठिकाणींच शेतकरी बुडतो किंवा तरतो.

वाचकांस विनंती

विंगेट यांची थोरवी गाण्यासाठीं हा लेख आम्हीं लिहिलेला नाहीं. ते परक्या राज्याचे नोकर होते आणि त्या राज्याचा खजिना भरावा म्हणून त्यांनीं साखळी धरली. पण त्यांच्या दप्तरांत दोन कागद शेजारीं शेजारीं आहेत: एक जमीन तुमची आहे असें लिहून देणारा, आणि दुसरा ती कागदाच्याच वाटेनें जाईल असें बजावणारा. राज्यकर्त्यांनीं पहिला उचलला व दुसरा ठेवून दिला. आपण शेतकऱ्यांनींही बहुधा तेंच केलें आहे. सात-बारावर नांव आहे एवढें पाहून आपण निश्चिंत होतों. पण इतर हक्कांच्या रकान्यांत काय लिहिलें आहे, गहाणाचा बोजा फिटूनही कमी झाला कीं नाहीं, मयत वडिलांच्या जागीं वारसांचीं नांवें लागलीं कीं नाहींत, वांटणी कागदावर आली कीं तोंडींच राहिली, हें पाहण्याची सवड आपणांस होत नाहीं.

यासाठीं तीन गोष्टी कराव्या. आपल्या प्रत्येक नंबराच्या टिपणाची व नकाशाची नक्कल तालुक्याहून काढून घरीं ठेवावी. बांधाचा तंटा उभा राहण्यापूर्वीं ती स्वस्तांत पडते. आतां उतारे संगणकावर घरबसल्या मिळतात. वर्षांतून एकदां, निदान खंडेनवमीस, सारे उतारे व फेरफार घरांतील शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावे आणि सर्वांनीं बसून ऐकावे. आणि पैशाची अडचण कितीही असो, कर्जाच्या बदल्यांत खरेदीखत लिहून देऊं नये. ‘नांवापुरतें खत, पैसे फेडले कीं परत’ हें बोलणें १८५२ च्या आधींपासून चालत आलें आहे आणि त्यानें असंख्य घरें बसविलीं आहेत. बेकायदा सावकारींत अशी जमीन गेली असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ सालच्या सावकारी नियमनाच्या कायद्यान्वयें जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो, आणि चौकशींत तसें ठरल्यास जमीन परत मिळूं शकते. पण त्या वाटेस जाण्यापूर्वीं गांवच्या सोसायटीची पायरी चढावी, हें बरें.

त्या पंचगंगेकांठच्या गांवीं बांध नव्यानें घालून झाला त्या दिवशीं थोरल्यांनीं टिपणाची नक्कल घडी करून कोपरीच्या खिशांत ठेवली. धाकटे म्हणाले, “आबा, एक मलाही काढून द्या. पुढं पोरं भांडतील.” दोघे हंसले. आम्हांस वाटतें, जुन्या दप्तराचा याहून चांगला उपयोग दुसरा नाहीं.